पाठ आपली, ओझं कुणाचं?

(तालुक्याच्या ठिकाणी मे महिन्यात झालेल्या महिला मेळाव्यातील भाषण. वक्त्या फिजिओथेरपिस्ट आहेत आणि आठवड्यातून एक दिवस आपल्या आरोग्य केंद्रात बसतात. शब्दांकन करताना बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)



सकाळपासून तुम्ही मांडी घालून सतरंजीवर बसला आहात. माझ्याआधी तीन भाषणं झाली. मघापासून मी बघतेय, मागच्या रांगेतल्या दोघी-तिघी सरकत सरकत भिंतीपाशी गेल्या. इकडच्या मावशींनी एक पाय लांब केला आणि कुणी बघतंय का म्हणून पटकन आखडून घेतला. तर पहिली गोष्ट ही, की पाय लांब करा. भिंतीला टेका. ज्यांना उभं राहून ऐकायचंय त्यांनी खुशाल उभं राहा. पाठीवरचं भाषण पाठ अवघडून ऐकायचं नाही.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. हा शब्द काही आपल्याकडे रुळला नाही. कुणी मला 'मालीशवाल्या बाई' म्हणतं, कुणी 'व्यायामाच्या डॉक्टरीणबाई'. मी डॉक्टर नाही आणि मालीशही फारशी करत नाही. दर गुरुवारी केंद्रात बसते. येणाऱ्या बहुतेक जणी एकाच वाक्याने सुरुवात करतात, "ताई, कंबर लय दुखती."

हे वाक्य मोठं फसवं आहे. त्यात काय काय असतं! कधी खरंच मणक्याचं दुखणं असतं. कधी अंगावरून पांढरं जात असतं आणि ते बोलायची लाज वाटते, म्हणून कंबर पुढे केली जाते. कधी लघवीला जळजळ होत असते, कारण शेतात आडोसा नाही म्हणून बाई दिवसभर पाणीच पीत नाही. आणि कधी घरात मार खाल्लेला असतो. १९८९ साली डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तपासलेल्या बायकांपैकी शंभरात ९२ जणींना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास होता, आणि त्याआधी कधी अशी तपासणी झालेल्या होत्या शंभरात फक्त ८. त्यामुळे 'कंबर' म्हटल्यावर मी आधी ऐकून घेते, मग हात लावते.

पण आज बोलायचंय ते खऱ्याखुऱ्या पाठीबद्दल. मला विषय दिला आहे, 'वर्षभर पाठीचा कणा निरोगी ठेवण्याच्या सवयी'. सवयी मी सांगणारच आहे. त्याआधी माझी एक फजिती सांगते.

सुरुवातीची दोन-तीन वर्षं मी एक तक्ता घेऊन फिरायचे. शहरात छापलेला. त्यावर दोन चित्रं. एकात पँट घातलेला पुरुष कमरेत वाकून खोकं उचलतोय, त्यावर लाल फुली. दुसऱ्यात तोच पुरुष गुडघ्यात वाकून, पाठ ताठ ठेवून उचलतोय, त्यावर हिरवी खूण. मी तो भिंतीला टांगायचे आणि सांगायचे, असं नाही बायांनो, असं. एकदा एका वस्तीवर एक बाई म्हणाली, "ताई, डोक्यावर हंडा हाय, काखंत कळशी हाय. आता खालची बादली ह्या मानसावानी कशी उचलू, तेवढं दावा." मी दाखवायला गेले. रिकामी भांडी घेऊन गेले, तरी मला जमलं नाही. सगळ्या हसल्या. मीही हसले. तक्ता गुंडाळून घरी आणला तो आजतागायत माळ्यावर पडून आहे.

त्या खोकं उचलणाऱ्या माणसाला दिवसभरात एकच खोकं उचलायचं होतं, आणि त्याच्या खांद्याला मूल नव्हतं.

मग मी उलटा हिशोब मांडायला लागले. आधी सवय नाही, आधी काम. आपल्या भागातल्या बाईची पाठ वर्षभर काय करते? जूनमध्ये पेरणी. जुलै-ऑगस्टला खुरपणी, सकाळपासून दिवस कलेपर्यंत उकिडवं बसून पुढं पुढं सरकायचं. मग सोयाबीनची काढणी कमरेत वाकून. कापूस वेचायचा तोही वाकून, आणि कमरेला बांधलेल्या फडक्यातलं वजन दर पावलाला वाढत जातं. दिवाळी झाली की कोयता. इथे बसलेल्या निम्म्या जणी महिन्या-दोन महिन्यांपूर्वी ऊसतोडीहून परत आल्या आहात, तुम्हाला मी काय सांगणार? ऊस जमिनीलगत तोडावा लागतो, वर धस ठेवले की मुकादम ओरडतो. म्हणजे बाईला जितकं खाली वाकता येईल तितकं वाकायचं. मग तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं. कोपीवर आलं की पाणी, जळण, भाकरी. एप्रिल-मेमध्ये गावी आलं की विश्रांती? छे! तेव्हा तर पाण्याच्या खेपा. नळ आलेत पुष्कळ गावांत, पण नळाला पाणी आठवड्याने आणि तेही तासभर. उरलेले दिवस हापसा आहे, विहीर आहे, टँकर आहे.

असं हे बाराही महिन्यांचं वाकणं. आता आत काय होतं ते थोडक्यात सांगते, म्हणजे पुढच्या सवयी का सांगतेय ते कळेल.

पाठीचा कणा म्हणजे एकावर एक रचलेले मणके. मानेत ७, पाठीत १२, कमरेत ५, आणि खाली जुळून गेलेलं माकडहाड वगैरे. डोक्यावर भांड्यांची उतरंड असते ना, तशी ही आतली उतरंड. दोन मणक्यांच्या मध्ये एक चकती असते, बाहेरून चिवट आणि आतून लिबलिबीत. या चकतीला रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. दाब पडला की तिच्यातलं पाणी बाहेर जातं, सैल झालं की आत येतं, तसंच तिचं पोषण होतं. स्पंजासारखं समजा. रात्री आडवं पडलो की ती पाणी ओढून फुगते. म्हणून आपण सगळ्या सकाळी संध्याकाळपेक्षा एक-दीड सेंटिमीटर उंच असतो. खोटं वाटत असेल तर दाराच्या चौकटीला खूण करून बघा.

स्वीडनमध्ये अल्फ नाकेमसन नावाचे एक डॉक्टर होते. त्यांनी १९६०च्या दशकात जिवंत माणसांच्या चकतीत बारीक सुई घालून दाब मोजला. उभं असताना जो दाब असतो तो १०० धरला, तर उताणं पडल्यावर तो २५ च्या आसपास येतो. पुढे वाकलं की १५० होतो. वाकून हातात वजन घेतलं की २०० च्याही वर जातो. हे आकडे लक्षात ठेवा, कारण आपल्या घरात 'जरा आडवी होते' म्हटलं की ज्या नजरा वळतात, त्यांना द्यायला हे उत्तर आहे.

कुणी म्हणेल, बायकांना सवय असते डोक्यावर वाहायची. केनियातल्या बायकांवर १९८६ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाइतकं ओझं त्या डोक्यावर घेऊन चालल्या तरी त्यांना जास्तीची ताकद लागत नव्हती. वा! पण ताकद लागत नाही म्हणजे मणक्यावर भार पडत नाही असं नाही. आणि पाचवा हिस्सा म्हणजे किती? ४५ किलोच्या बाईला ९ किलो. आपला भरलेला हंडा पंधरा किलोच्या पुढे, वर दुसरा असेल तर विचारूच नका.

आता सवयी.

सगळ्यात महत्त्वाची सकाळची. चकती रात्रभर फुगलेली असते, त्या वेळी खोल वाकलं की तिच्यावर ताण सर्वांत जास्त येतो. अमेरिकेत १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात जुनाट कंबरदुखीच्या माणसांना एवढंच सांगितलं, की उठल्यावर पहिले दोन तास कमरेत वाकू नका. तेवढ्याने दुखणं कमी झालं. आणि आपण उठल्या उठल्या काय करतो? अंथरुणं गोळा करायची, अंगण झाडायचं, सडा टाकायचा, शेण काढायचं, पाणी भरायचं. दिवसातलं सगळं वाकायचं काम त्या पहिल्या दोन तासांत! दोन तास कुणाला मिळणार, मलाही मिळत नाहीत. पण क्रम बदलता येतो. आधी चूल पेटवा, चहा ठेवा, उभ्याने होणारी कामं उरका, चार पावलं चाला. झाडणं मागाहून. झाडू लांब दांड्याचा घ्या. अंगणासाठी खराट्याला काठी बांधा, चार हात काठी काही महाग नाही. आखूड केरसुणी कुणी आणि का ठरवली, यावर खरं तर वेगळं भाषण करायला हवं. आणि सकाळची पहिली खेप घरातल्या पुरुषाची. त्याची चकतीही फुगलेली असते हे खरं, पण तो नंतर खुरपायला जाणार नसतो.

उचलण्याबद्दल एकच नियम मी आता सांगते: ओझं पोटाशी घ्या. तक्त्यातलं ते गुडघ्यात वाकणं जमलं तर उत्तम, पण नाहीच जमलं तरी ओझं अंगाला चिकटून ठेवा. हात लांब करून उचललेली बादली कमरेला कितीतरी पटीने जड पडते. विहिरीच्या रहाटाचा दांडा जितका लांब तितका जोर जास्त, तसंच हे. आणि ओझं हातात असताना कमरेतून पिळा घालून वळू नका, पाय उचलून वळा. कंबर 'भरते' ती बहुतेक या पिळ्यात. भांडं अर्धं भरून दोन खेपा केल्या तर पाठीला बरं. पण हे सांगताना माझी जीभ अडखळते, कारण दोन खेपा म्हणजे दुप्पट वेळ. तो वेळ कुणी द्यायचा? केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटं बिनपगारी घरकामात घालवतात असं आलं आहे. पुरुषांपैकी जे घरकाम करतात, तेही ९७ मिनिटंच. या २०० मिनिटांच्या फरकात आपली कंबर अडकली आहे.

खुरपणीत काय करायचं? उकिडवं बसणं मुळात वाईट नाही. गुडघे चांगले असतील तर ते कमरेत वाकून उभं राहण्यापेक्षा बरंच. वाईट आहे ते तास न् तास एकाच अवस्थेत राहणं. पंधरा-वीस मिनिटांनी उठायचं, दोन्ही हात कमरेवर ठेवून हळूच मागे झुकायचं, चार-पाच वेळा, आणि परत बसायचं. अर्ध्या मिनिटाचं काम. पण एकटी उठली की मालक म्हणतो, "काय गं, आली का कंबर भरून?" एका गावात बायांनी ठरवलं की पात संपली की सगळ्यांनी एकदम उठायचं. एकदम उठल्यावर तो कुणाकुणाला बोलणार? पहिले दोन दिवस तो कुरकुरला, मग गप्प झाला. त्या बायांनी याला नाव दिलंय, 'कंबर सरळ करायची पात'. माझ्या कुठल्याही व्यायामापेक्षा हा व्यायाम मला मोलाचा वाटतो.

दुपारी दहा-पंधरा मिनिटं आडवं पडा. उताणं पडून पाय एखाद्या पोत्यावर किंवा गाठोड्यावर, गुडघे वाकलेले. दाब २५ वर येतो, आठवतंय ना? चकती पाणी पिते. दिवसा आडवी होणारी बाई आळशी, अवदसा, हे आपल्याला आजीने सांगितलं, आपण सुनेला सांगतो. सासूबाई इथे असतील त्यांनी हे घरी जाऊन मागे घ्या. पण याचा उलटा अर्थही नको. कंबर धरली म्हणून पंधरा दिवस अंथरुणाला खिळून राहायचं, हे पूर्वी डॉक्टर सांगत, आता कुणी शहाणा सांगत नाही. एखाद-दुसरा दिवस पुरे, मग झेपेल तेवढं हिंडायचं. फळीवर झोपायचीही गरज नाही. खूप मऊ नको, खूप टणकही नको. आपली दोन गोधड्यांची वळकटी बरी असते.

"दिवसभर काम करतो, आणि वर व्यायाम कशाला?" हा प्रश्न दर गुरुवारी येतो. कामात पाठ एकाच बाजूला वाकते, हजार वेळा. व्यायाम म्हणजे उरलेल्या बाजूंना तिला नेणं. एकच सांगते. उताणं पडा, गुडघे वाकवा, पावलं जमिनीवर, आणि कुल्ले हळूहळू वर उचला, पाच आकडे मोजा, खाली आणा. दहा वेळा. लाज वाटत असेल तर दार लावा. बाळंतपणानंतर पोटाचे नि कुल्ल्याचे स्नायू ढिले पडतात, सगळा भार कण्यावर जातो, त्याला हा उपाय आहे. बाळंतपणावरून आठवलं. सिझरच्या वेळी पाठीत सुई दिली तेव्हापासून कंबर दुखते, असं पुष्कळ जणी सांगतात. सुईची जागा काही दिवस दुखते, पण वर्षानुवर्षं दुखत नाही. मग काय दुखतं? पोट फाडून बाळ काढलेली बाई किती दिवसांनी पाणी भरायला गेली, हे मी विचारते तेव्हा उत्तर सापडतं. आपल्या म्हाताऱ्यांचा सव्वा महिना काही खुळा नव्हता. त्यातला विटाळ टाकून देऊ, विसावा ठेवू.

हाडांसाठी नाचणी खा, तीळ खा, दूध-ताक घरात असेल तर सगळं पोरांना आणि धन्याला वाढून संपवू नका. १०० ग्रॅम नाचणीत ३०० मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असतं. तंबाखूची मिश्री सोडा. हे मी पटकन सांगून पुढे जाते, कारण तुम्हाला माहीत आहे आणि मला पुढचं जास्त महत्त्वाचं वाटतं.

मागच्या हंगामानंतर एक बाई माझ्याकडे आली. वय सांगितलं चौतीस, दिसायला पन्नाशीची. पाठीला किंचित बाक आला होता. फडात मोळी उचलताना कट्कन आवाज झाला, तेव्हापासून ताठ उभं राहता येत नव्हतं. क्ष-किरणात एक मणका चेपलेला निघाला. एवढ्या तरुण बाईचा मणका मोळी उचलून चेपतो? मी इतिहास विचारला. सत्ताविसाव्या वर्षी तिची पिशवी काढलेली होती. का काढली? कंबर दुखायची आणि पांढरं जायचं म्हणून. एका खाजगी दवाखान्यात सांगितलं, पिशवी काढा, कॅन्सर होईल, काढली की कंबर थांबेल. कागद बघितले तर बीजकोशही काढलेले. ते तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

बीजकोश काढले की शरीरातलं एक संप्रेरक एकदम बंद पडतं. हाडं भरीव ठेवायचं काम तेच करतं. पाळी आपोआप जाते तेव्हा पन्नाशीच्या आसपास हे घडतं. सत्ताविसाव्या वर्षी काढले की म्हातारपणाची हाडं सत्ताविसाव्या वर्षी सुरू होतात. म्हणजे कंबर थांबावी म्हणून जे ऑपरेशन केलं, त्यानेच कणा पोखरला. ती मला म्हणाली, "खाडा झाला की मुकादम पैसे कापतो. पाळीत चार-चार दिवस खाडा परवडंना. डॉक्टर म्हनला पाळीबी जाईल नि दुखनंबी जाईल. मग काढून टाकली."

ही एकटी नाही. २०१९ साली बीडचं प्रकरण गाजलं तेव्हा राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड बायकांची पाहणी झाली. त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. दर सहा-सात जणींमागे एक. त्याच्या दोन-तीन वर्षं आधीच्या राष्ट्रीय पाहणीत साऱ्या देशातलं प्रमाण होतं शंभरात तीनच्या आसपास.

म्हणून कार्यकर्त्या मैत्रिणींना हात जोडून सांगते: पिशवी काढून कंबरदुखी जाते, हे कुणी सांगितलं तर तिथे न थांबता दुसऱ्या ठिकाणी विचारा. सरकारी रुग्णालयात विचारा. ऑपरेशन लागणारच असेल तर बीजकोश ठेवणार की काढणार, हे लेखी मागा. आणि ज्यांची आधीच काढली आहे त्यांची यादी करा, त्यांची हाडं तपासायला हवीत. त्यांनी मोळी उचलणं धोक्याचं आहे.

तसंच मणक्याच्या ऑपरेशनचं. फोटोत चकती सरकलेली दिसली की लोक घाबरतात. १९९४ साली अमेरिकेत पाठ कधीच न दुखलेल्या ९८ माणसांचे एमआरआय काढले, त्यांतल्या निम्म्याहून जास्त जणांच्या चकत्या फुगलेल्या निघाल्या. तेव्हा फोटो दुखत नाही, माणूस दुखतो. मात्र काही खुणा दिसल्या तर घरी थांबायचं नाही. लघवी-संडासवरचा ताबा गेला, दोन मांड्यांमधला भाग बधिर झाला, पायातली ताकद जाऊन पाऊल लोंबायला लागलं, तर त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठायचं. आणि पाठ दुखतेय, संध्याकाळी बारीक ताप येतोय, वजन उतरतंय, असं असेल तर मणक्याचा टीबी तर नाही ना हे बघायचं. तो औषधाने बरा होतो, पण उशीर झाला तर पाय जातात.

आता ओझ्याचा प्रश्न. पुण्यात बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने १०० किलोचं पोतं ५० किलोवर आणावं म्हणून लढा दिला. 'हमालाला सवय असते' हे व्यापाऱ्यांचं म्हणणं त्यांनी मान्य केलं नाही. १९६९ साली माथाडी कायदा आला. त्याच्याही आधी, १९४८ च्या कारखाना कायद्यात कलम ३४ होतं, माणसाने किती ओझं उचलावं याची मर्यादा सरकारने ठरवावी असं सांगणारं. त्याखालच्या नियमांत प्रौढ बाईसाठी मर्यादा होती ३० किलोच्या आसपास. म्हणजे पुरुषाच्या पाठीवरचं पोतं हा मागणीचा विषय झाला, कारखान्यातल्या बाईचं ओझं नियमात आलं. पण फडातली मोळी कुठल्या नियमात? दोन हंडे आणि कळशी कुठल्या नियमात? मुंबईत मृणाल गोरे पाणीवाली बाई झाल्या, कारण त्यांनी पाण्याला मोर्चाचा विषय केलं. मला वाटतं मोळीचं वजन हाही तसाच विषय आहे. मोळी किती किलोची, हे उचल घेतानाच ठरलं पाहिजे. कराराची बोलणी होतात तेव्हा टनाचा दर बोलला जातो, मोळीचं वजन कधी कुणी बोललेलं मी तरी ऐकलं नाही. बोलणीला बायका नसतात, हेही एक कारण.

लहान गोष्टी लढून मिळतात याचा एक अनुभव आहे. हंडा उचलण्यात सगळ्यात वाईट क्षण कुठला? चालणं नाही. जमिनीवरून डोक्यावर घेणं. तो पहिला झटका. ज्या वस्तीवर माझी फजिती झाली, तिथेच बायांनी ग्रामपंचायतीकडे मागणी केली, की हापशाशेजारी कमरेइतका उंच ओटा बांधा. हंडा ओट्यावर भरायचा, तिथून सरळ डोक्यावर. वाकणं नाही, दुसरीला हात लावायला बोलावणं नाही. सरपंच म्हणाले, "ओटा बांधला की बायका तिथं गप्पा मारत बसतील." एकीने उत्तर दिलं, "बसू की." दीड वर्ष लागलं. दोन ग्रामसभा झाल्या, तिसरीला बाया हंडे घेऊनच गेल्या. ओटा झाला. गवंड्याने आधी स्वतःच्या कमरेचं माप धरून उंच बांधला, तो पाडून परत बांधायला लावला. आता तिथल्या सगळ्यात बुटक्या आजीच्या मापाने आहे. हापशाला जरा लांब पाइप जोडलाय. ओट्यावर बायका गप्पाही मारतात.

आपल्या शहरातल्या मैत्रिणींसाठी इतकंच, की घरकाम करणाऱ्या बाईला फरशी बसून पुसायला लावू नका, लांब दांड्याचं पुसणं आणा. तुमचं मशीन शिवायचं असो की कॉम्प्युटरचं, दर अर्ध्या तासाने उठा. ओटा कोपरापेक्षा चार-पाच बोटं खाली हवा. आणि बिल्डरने नवऱ्याच्या मापाने बांधला असेल तर मग नवऱ्यालाच तिथे उभं करा.

बरं, चहा आलाय असं दिसतं. त्याआधी सगळ्यांनी उठा. हो, मावशी, तुम्हीसुद्धा, धरा हात. पाय थोडे फाकवा. दोन्ही तळवे मागे कमरेवर. आता हळूच मागे झुका, झटका नाही, दुखेल तिथे थांबा. श्वास सोडा. पुन्हा. ज्यांची पिशवी काढलेली आहे त्यांनी थोडंच झुकायचं आणि चहा झाल्यावर मला भेटून नाव द्यायचं, मी त्या खांबापाशी आहे. हं, आणखी तीन वेळा.